अण्वस्त्रांच्या काळातली मनःशांती : प्रस्तावना

आण्विक धाकाचा सिद्धांत एका वाक्यात सांगता येतो. हल्ला केला तर आपलाही सर्वनाश होईल अशी शत्रूची खात्री पटली, की तो हल्ला करणार नाही. या वाक्यात युरेनियम, प्लुटोनियम, क्षेपणास्त्र यांपैकी काहीच येत नाही. त्यात आहे ती शत्रूची खात्री आणि शत्रूचे भय. तोफेचा परिणाम ती डागल्यावर दिसतो. अण्वस्त्राचा परिणाम मात्र ते कोठारात पडून असतानाच दुसऱ्याच्या मनावर व्हावा लागतो. तो झाला नाही तर सारा खर्च वाया गेला असे त्याचे समर्थकच म्हणतील. स्टॉकहोमच्या 'सिप्री' या संस्थेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२५ मध्ये नऊ देशांकडे मिळून सुमारे १२,२४१ अण्वस्त्रे होती आणि त्यांतली सुमारे २,१०० अल्पावधीत डागता येतील अशा तयारीत होती. एवढा मोठा संभार माणसांच्या भयावर तोलून ठेवलेला आहे.

त्यामुळे निःशस्त्रीकरणाची चर्चा मनाकडे वळली तर ते विषयांतर ठरत नाही. तरीही या वळणाकडे दोन्ही बाजूंनी संशयाने पाहिले गेले आहे. शस्त्रनियंत्रणाच्या तज्ज्ञांना मनःशांतीची भाषा भाबडी वाटते, आणि साधनेच्या मार्गावरील अनेकांना करार, पडताळणी, मतदान हे सारे बाहेरचे, म्हणून दुय्यम वाटते. प्रस्तुत संग्रह या दोन गटांच्या मधल्या जागेत उभा आहे. ती जागा रिकामी नाही. गेल्या शंभर वर्षांत तिथे मानसशास्त्रज्ञ, भिक्षू, पाद्री, पदार्थवैज्ञानिक, डॉक्टर, पदयात्री आणि दोनतीन मुत्सद्दी येऊन गेले आहेत.

प्रश्नाची आधुनिक मांडणी अणुबाँबच्याही आधीची आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात शांततावाद्यांना एक अडचणीचा सवाल केला: युद्धातून माणसाला जी शिस्त, त्याग आणि सामूहिक ऊर्मी मिळते ती शांततेतून कशी मिळणार? तिला पर्याय सापडला नाही तर नुसत्या उपदेशाने युद्ध थांबणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९३२ मध्ये राष्ट्रसंघाच्या बौद्धिक सहकार्य संस्थेच्या विनंतीवरून आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी सिग्मंड फ्रॉइड यांना पत्र लिहून विचारले की, माणसाला द्वेष आणि संहाराच्या लाटेपासून वाचवण्याचा काही मार्ग आहे का. फ्रॉइड यांचे उत्तर दिलासा देणारे नव्हते. आक्रमक प्रेरणा नष्ट करता येणार नाहीत. फार तर माणसामाणसांतले भावबंध वाढवून आणि सर्वांना मान्य अशी वरिष्ठ सत्ता निर्माण करून त्यांना आवर घालता येईल, असे त्यांनी लिहिले. हा पत्रव्यवहार पुस्तकरूपाने आला १९३३ मध्ये, म्हणजे हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी. पुढे दोघांनाही देश सोडावा लागला, आणि १९३९ च्या ऑगस्टमध्ये आइन्स्टाइन यांनी अमेरिकेच्या अध्यक्षांना अणुबाँबच्या शक्यतेची कल्पना देणाऱ्या पत्रावर सही केली. जर्मनी आधी बाँब बनवील हे त्यामागचे भय होते. शांततावादी माणसाचा हात भयाने कसा धरला जातो याचे याहून ठळक उदाहरण शोधायला नको.

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमा आणि ९ ऑगस्टला नागासाकी. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० आणि नागासाकीत सुमारे ७०,००० माणसे मेली. त्याच नोव्हेंबरात लंडनमध्ये स्वीकारल्या गेलेल्या युनेस्कोच्या घटनेत युद्धाचा उगम माणसांच्या मनात असल्याने शांततेची तटबंदीही तिथेच उभारावी लागेल, असा आशय आला. तो वाचायला चांगला वाटतो आणि समारंभांत फार वापरला जातो. त्यातली अडचण अशी की मनात तटबंदी कशी उभारायची हे त्यात सांगितलेले नाही, आणि युनेस्कोच्या हाती त्यासाठी शाळा, पुस्तके व परिषदा एवढीच साधने होती. १९४६ मध्ये गांधीजींनी 'हरिजन'मध्ये लिहिताना अधिक सरळ भूमिका घेतली. बाँबने बाँब संपणार नाही, हिंसेला प्रतिहिंसा हे उत्तर नाही, आणि अणुबाँबमुळे युद्ध अशक्य होऊन आपोआप अहिंसा येईल ही आशा फसवी आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढच्या सगळ्या वादाचे बीज या तिसऱ्या मुद्द्यात आहे.

वैज्ञानिकांची बाजू उशिरा पण जोरात आली. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी प्रवाळद्वीपावर अमेरिकेने केलेल्या हायड्रोजन बाँबच्या चाचणीची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी बोटीवरील २३ जणांवर पडली, आणि तिचा रेडिओ ऑपरेटर सप्टेंबरमध्ये मरण पावला. २ एप्रिलला पंडित नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवण्याचा प्रस्ताव मांडला. चाचणीबंदीच्या कल्पनेचा राजकीय इतिहास तिथून सुरू होतो. ९ जुलै १९५५ रोजी बर्ट्रांड रसेल यांनी लंडनमध्ये जाहीर केलेल्या निवेदनावर आइन्स्टाइन यांच्यासह ११ जणांच्या सह्या होत्या. त्यातून १९५७ मध्ये कॅनडातील पगवॉश गावी पहिली परिषद भरली. ती मुळात दिल्लीत व्हायची होती, पण सुएझच्या पेचप्रसंगामुळे ठिकाण बदलले. या निवेदनाची खरी मागणी विचारपद्धती बदलण्याची होती: कोणत्या गटाला जय मिळेल हे विचारणे सोडून, सगळ्यांचा नाश टाळायला काय करायचे हे विचारा. सही करणाऱ्यांतले जोसेफ रॉटब्लाट यांनी हा बदल आधी स्वतःत केला होता. जर्मनीकडे बाँब नाही हे स्पष्ट होताच, १९४४ च्या अखेरीस, त्यांनी अणुबाँब बनवणारा मॅनहॅटन प्रकल्प सोडला. त्या कारणासाठी प्रकल्प सोडून गेलेले ते जवळपास एकटेच. १९९५ चे शांततेचे नोबेल त्यांना आणि पगवॉश परिषदांना मिळून देण्यात आले.

या पार्श्वभूमीवर मनःशांती आणि विश्वशांती यांचे नाते सांगणारे जे विचारप्रवाह तयार झाले, त्यांत सर्वांत लोकप्रिय प्रवाह 'आधी स्वतः' असे म्हणणारा आहे. व्यक्ती शांत झाल्याखेरीज समाज शांत होणार नाही आणि समाज शांत झाल्याखेरीज जग शांत होणार नाही, हे त्याचे सूत्र. इगतपुरीहून विपश्यनेचा प्रसार केलेले सत्यनारायण गोयंका यांनी ऑगस्ट २००० मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात भरलेल्या धर्मगुरूंच्या परिषदेत हेच मांडले. जे. कृष्णमूर्ती यांची मांडणी याहून कठोर होती. व्यक्ती आणि जग वेगळे नाहीतच, म्हणून आतली हिंसा 'हळूहळू' कमी करण्याची भाषा ही पळवाट आहे, असे ते म्हणत. मार्च १९८४ मध्ये ते लॉस अलामॉस येथे, म्हणजे बाँबच्या जन्मस्थानीच, वैज्ञानिकांशी बोलले. तिथले काम त्याने थांबले नाही, हे वेगळे सांगायला नको.

याच प्रवाहाची एक शाखा मोजमापाकडे वळली. महर्षी महेश योगी यांच्या अनुयायांनी असा दावा केला की, लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या वर्गमुळाइतक्या लोकांनी एकत्र ध्यान केले तर आजूबाजूची हिंसा घटते. जेरुसलेममध्ये केलेल्या प्रयोगाचा लेबनॉनमधील युद्धावर परिणाम झाला, असे सांगणारा त्यांचा लेख १९८८ मध्ये एका प्रतिष्ठित अमेरिकन नियतकालिकात आला. त्याच नियतकालिकात पुढे त्याच्या पद्धतीवर टीकाही छापली गेली, आणि हा परिणाम कोणत्या मार्गाने घडतो याचे मान्य होण्यासारखे उत्तर आजवर मिळालेले नाही. या शाखेचा उल्लेख टाळता येत नाही, कारण मनःशांतीचा विषय निघाला की सामान्य वाचकासमोर पहिल्यांदा हेच दावे येतात, आणि त्यांच्यामुळे बाकीचा सगळा विषय एकदम निकालात काढला जातो.

दुसरा प्रवाह धर्मनिष्ठ कृतीचा आहे. त्यात मनःशांती हे फळ म्हणून येत नाही. कृतीत टिकून राहण्याची ती ताकद असते. इंग्लंडमधल्या क्वेकर पंथीयांनी १६६० मध्येच राजा दुसरा चार्ल्स याला आपण कोणत्याही कारणासाठी शस्त्र उचलणार नाही असे कळवले होते. हे लोक प्रार्थनेला मौन बसतात, आणि १९५८ मध्ये त्याच परंपरेशी जोडलेल्या माणसांनी 'गोल्डन रूल' नावाची शिडाची होडी घेऊन पॅसिफिकमधल्या चाचणीक्षेत्राकडे कूच केले. होनोलुलूत त्यांना अटक झाली. तिचा कप्तान आल्बर्ट बिगेलो पूर्वी अमेरिकन नौदलात अधिकारी होता. कॅथलिक चर्चमध्ये वळण आले ते क्यूबाच्या पेचप्रसंगानंतर. एप्रिल १९६३ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी काढलेल्या पत्रकात निःशस्त्रीकरण माणसाच्या अंतःकरणापर्यंत पोचले नाही तर ते पुरे होणार नाही असे म्हटले होते. पण त्याच पत्रकात परिणामकारक नियंत्रणाची आणि करारांचीही मागणी होती. हे दोन्ही एकाच दमात म्हणण्याचे धाडस फार थोड्या धर्मपीठांनी दाखवले. अण्वस्त्रे नुसती बाळगणेही अनैतिक, इथपर्यंत पोचायला रोमला पोप फ्रान्सिस यांच्या काळापर्यंत वाट पाहावी लागली.

जपानी बौद्धांपैकी निचिदात्सु फुजिई यांचा धागा थेट वर्ध्याला येऊन मिळतो. १९३३ मध्ये ते गांधीजींना भेटले, आश्रमात राहिले, आणि त्यांचा मंत्र तिथल्या प्रार्थनेत आला. तो सेवाग्रामला आजही म्हटला जातो. युद्धानंतर त्यांनी जगभर शांतिस्तूप उभारण्याचे काम हाती घेतले. राजगीरचा स्तूप १९६९ चा, आणि वर्ध्यातही त्यांच्या संघाचा विश्वशांती स्तूप आहे. फुजिई यांचे भिक्षू हाताने डफ वाजवत अण्वस्त्रतळांपर्यंत चालत जातात. ध्यानधारणा आणि निदर्शने यांत त्यांना भेद वाटत नाही. निचिरेन परंपरेतल्याच सोका गाक्काई या संघटनेचे जोसेइ तोदा यांनी सप्टेंबर १९५७ मध्ये योकोहामात तरुणांच्या मोठ्या मेळाव्यात अण्वस्त्रांचा निषेध जाहीर केला. त्यांचे शिष्य दाइसाकु इकेदा १९८३ पासून दरवर्षी शांतताप्रस्ताव प्रसिद्ध करीत. व्हिएतनामचे थिच नात हान या सगळ्यांत अधिक वाचले जातात. बाँब पडणाऱ्या गावांत मदतकार्य करणाऱ्या भिक्षूने श्वासाकडे लक्ष द्यायला सांगणे आणि शहरातल्या थकलेल्या माणसाला तेच सांगणे यांत फरक आहे, हे मात्र त्यांच्या वाचकांच्या बऱ्याचदा लक्षात राहत नाही.

भारतीय प्रवाहात विनोबांना मध्यवर्ती स्थान द्यावे लागते, आणि मराठी संग्रहात तर ते टाळणेच चमत्कारिक ठरेल. १९४४ मध्ये सिवनीच्या तुरुंगात त्यांनी गीतेतल्या स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर प्रवचने दिली. एका वर्षात हिरोशिमा झाले. पुढच्या काळात विनोबांनी राजकारण आणि पंथ यांचे दिवस संपले, आता विज्ञान आणि अध्यात्म यांचा काळ आला, अशी मांडणी केली. विज्ञानाला हिंसेची जोड मिळाली तर सर्वनाश आणि अहिंसेची मिळाली तर सर्वोदय, हे त्यांचे समीकरण होते. 'जय जगत्' हा त्यांचा घोष १९५७ च्या सुमाराचा, आणि गांधीजींच्या कल्पनेतली शांतिसेना त्यांनी त्याच वर्षी केरळात उभी केली. पण अण्वस्त्रांची आपल्याला भीती वाटत नाही, भीती वाटते ती लाठी आणि बंदुकीची; मोठी अस्त्रे उलट माणसाला अहिंसेच्या जवळ आणतील, असेही ते म्हणत. या विधानातली चमक मान्य करूनही ते गांधीजींच्या १९४६ च्या निष्कर्षाशी जुळत नाही हे नोंदवायला हवे, आणि अण्वस्त्रसमर्थकांच्या युक्तिवादाजवळ ते किती सहज जाते हेही. विनोबांच्या या बाजूची मराठीत जेवढी चिकित्सा व्हायला हवी होती तेवढी झालेली नाही. सभासंमेलनांत पसायदान म्हणून झाल्यावर दुष्टाचा नाश न मागता त्याच्या मनाचा वाकडेपणा जावा असे मागणे म्हणजे नक्की काय, हा प्रश्न विचारायचा राहून जातो, तसेच काहीसे.

विनोबांच्या प्रेरणेने निघालेली एक पदयात्रा मात्र या विषयाच्या इतिहासात पक्की नोंदली गेली आहे. १९६१ मध्ये ८९ वर्षांच्या रसेल यांना अण्वस्त्रविरोधी निदर्शनांबद्दल तुरुंगात टाकल्याची बातमी वाचून सतीशकुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण १ जून १९६२ रोजी दिल्लीहून चालत निघाले. मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टन या चार अण्वस्त्रधारी राजधान्या त्यांना गाठायच्या होत्या. जवळ पैसे ठेवू नका, हा सल्ला विनोबांचा. पैसे नसले की रोज कुणाच्या तरी दारात उभे राहावे लागते, आणि दार उघडणाऱ्याला परक्याचे भय बाजूला ठेवावे लागते. त्यांची वाट पाकिस्तानातूनच गेली. जॉर्जियात चहाच्या कारखान्यातल्या बायकांनी त्यांना चहाच्या चार पुड्या दिल्या आणि त्या चार राजधान्यांतल्या नेत्यांना द्यायला सांगितले: बटण दाबायची वेळ आली तर आधी थांबून एक कप चहा प्या. ही गोष्ट गोड म्हणून सांगितली जाते, पण त्या बायकांनी अचूक जागी बोट ठेवले होते. अण्वस्त्रांच्या व्यवस्थेत सगळ्यांत दुर्मीळ वस्तू म्हणजे थांबायला लागणारा वेळ.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव या चर्चेत क्वचित घेतले जाते; ते घ्यायला हवे. त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोगी, वृद्ध आणि प्रेत यांचे दर्शन हे नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा होतो, शाक्यांचा संघ युद्धाचा ठराव करतो, सिद्धार्थ त्याला विरोध करतो आणि बहुमताविरुद्ध गेल्यामुळे देशत्याग पत्करतो. या कथनात आतला शोध युद्धाला नकार दिल्यामुळे सुरू होतो. आधी शांत मन आणि मग शांत जग हा क्रमच उलटा होतो. दुःखाचे कारण समाजरचनेतही असते हा आग्रह त्यामागे आहे. नॉर्वेचे योहान गाल्टुंग यांनी १९६९ मध्ये 'संरचनात्मक हिंसा' ही संकल्पना मांडली आणि युद्ध नसणे म्हणजे शांतता नव्हे हे शांतता-अभ्यासाचे मूलतत्त्व बनवले. त्यांनी गांधीविचाराचा अभ्यास केला होता. आंबेडकर आणि गाल्टुंग एकत्र वाचले तर 'आधी स्वतः' या सूत्राचा अपुरेपणा जास्त स्पष्ट दिसतो.

मानसशास्त्राची वाट वेगळी आहे. रॉबर्ट जे लिफ्टन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६२ मध्ये हिरोशिमातून वाचलेल्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांच्या लक्षात आलेली गोष्ट म्हणजे मनाची बधिरता. एका मर्यादेपलीकडचे भयानक दृश्य समोर आले की मन भावना बंद करून टाकते, आणि वाचलेल्यांच्या बाबतीत तो जगण्याचा उपाय होता. पुढे त्यांनी दाखवले की बाँब बनवणारे, त्याचे डावपेच आखणारे आणि त्याच्या छायेत जगणारे सामान्य नागरिक हेही तसेच बधिर होतात. या निरीक्षणाने प्रश्नाला कलाटणी मिळते. अण्वस्त्रांच्या बाबतीत बहुतेक माणसे अशांत नसतात. ती पूर्ण शांत असतात, आणि अडचण नेमकी तीच आहे. जोआना मेसी यांनी १९८० च्या दशकात घेतलेल्या शिबिरांचा गाभा हाच होता: आधी दाबून ठेवलेले भय आणि हताशा मोकळी करा. बौद्ध साधनेतून आलेल्या या बाईंनी लोकांना शांत करण्याऐवजी अस्वस्थ व्हायला शिकवले. डॉक्टरांनी तेच काम आकडेवारीने केले. अमेरिकेचे बर्नार्ड लाउन आणि सोव्हिएत रशियाचे येवगेनी चाझोव या दोन हृदयरोगतज्ज्ञांच्या पुढाकाराने १९८० मध्ये स्थापन झालेल्या संघटनेने अणुयुद्धानंतर कोणतीही वैद्यकीय सेवा पुरी पडणार नाही हे सांगितले. तिला १९८५ चे शांततेचे नोबेल मिळाले.

इथून या विषयाच्या सर्वांत अवघड भागाला सुरुवात होते. शांत मन हे आपोआप अहिंसक असते का? इतिहासाचे उत्तर नकारार्थी आहे. १९९७ मध्ये ब्रायन व्हिक्टोरिया या झेन भिक्षूनेच लिहिलेल्या ग्रंथाने दाखवले की दुसऱ्या महायुद्धापर्यंत जपानच्या झेन मठांनी साम्राज्याच्या युद्धांना पाठिंबा दिला, आणि निर्विकार चित्ताने मारणे व मरणे ही साधनेची परिपक्वता म्हणून सांगितली. अमेरिकेच्या मरीन सैनिकांना तणावात एकाग्र राहता यावे म्हणून सजगतेचे प्रशिक्षण देण्याचे प्रयोग आपल्याच काळातले आहेत. पहिल्या अणुस्फोटाच्या आठवणीत बाँब बनवणाऱ्या वैज्ञानिकांचे प्रमुख ओपेनहायमर यांना गीता आठवली, ती त्यांनी बर्कलेत संस्कृत शिकून वाचली होती. टिळकांच्या 'गीतारहस्या'तला कर्मयोग, गांधीजींची अनासक्ती आणि ओपेनहायमर यांचे कर्तव्य एकाच ग्रंथाच्या आधाराने उभे राहतात, हे मराठी वाचकाला तरी नवे नसावे. १८ मे १९७४ ची पोखरणची चाचणी 'स्मायलिंग बुद्धा' या नावाने ओळखली गेली. पोखरणची दुसरी चाचणी झाली त्या ११ मे १९९८ ला तर बुद्धपौर्णिमाच होती. शांततेची प्रतीके कोणाच्याही कामी येतात.

याला दुसरी बाजूही आहे. २७ ऑक्टोबर १९६२ रोजी क्यूबाजवळ अमेरिकन विनाशिकांनी वेढलेल्या बी-५९ या सोव्हिएत पाणबुडीत असह्य उकाडा होता, मॉस्कोशी संपर्क तुटला होता आणि जवळ अण्वस्त्रयुक्त टॉर्पेडो होता. साथीदारांच्या आठवणीनुसार वासिली आर्खिपोव या अधिकाऱ्याने चिडलेल्या कप्तानाला आवरले. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री मॉस्कोजवळच्या केंद्रात स्तानिस्लाव पेत्रोव यांच्यासमोरच्या यंत्रणेने अमेरिकेतून पाच क्षेपणास्त्रे सुटल्याचे दाखवले. त्यांनी ती चूक असल्याचे वर कळवले, आणि ती चूकच होती. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाला उपग्रह फसला होता. या माणसांना ध्यानयोगी ठरवण्याचा मोह अनेक लेखकांना आवरलेला नाही. पेत्रोव यांनी दिलेली कारणे साधी होती: खरा हल्ला पाच क्षेपणास्त्रांनी होणार नाही, यंत्रणा नवी आहे, जमिनीवरच्या रडारवर काही दिसत नाही. भीतीत असतानाही विचार करता येणे, इतकाच त्याचा अर्थ. तो अर्थ लहान नाही, पण दर वेळी योग्य खुर्चीवर योग्य माणूस असेल यावर जगाचे भवितव्य सोपवता येत नाही.

म्हणून संस्था लागतात. भय कमी करण्याचे काम संस्था कसे करतात याची सर्वांत बोलकी उदाहरणे दक्षिण गोलार्धातली आहेत, आणि शांततेच्या साहित्यात ती उगीचच मागे पडली आहेत. ब्राझील आणि अर्जेंटिना यांचे आण्विक कार्यक्रम १९७० च्या दशकात परस्परसंशयात वाढले. दोन्हीकडे लष्करी राजवटी जाऊन नागरी सरकारे आल्यावर अर्जेंटिनाचे अध्यक्ष आल्फोन्सिन यांनी १९८७ मध्ये ब्राझीलच्या सार्नेय यांना आपला गुप्त समजला जाणारा समृद्धीकरण प्रकल्प उघडून दाखवला. पुढच्या वर्षी सार्नेय यांनी आपला दाखवला. १९९१ मध्ये दोघांची संयुक्त निरीक्षण संस्था स्थापन झाली, आणि तेव्हापासून एका देशाचे निरीक्षक दुसऱ्याच्या प्रकल्पांत जाऊन मोजणी करतात. दक्षिण आफ्रिकेने तर सहा बाँब बनवून ते मोडले. मार्च १९९३ मध्ये अध्यक्ष डी क्लर्क यांनी संसदेत तसे जाहीर केले. अंगोलातला संघर्ष निवळला, शीतयुद्ध संपले, वर्णभेदाची राजवट जाणार हे दिसू लागले, आणि ज्या भयासाठी बाँब केले होते ते उरले नाही. यात नैतिक जागृतीपेक्षा हिशेबीपणा अधिक होता, सत्तांतरापूर्वी बाँब संपवण्याची घाई होती असेही म्हटले जाते. पण बाँब मोडले गेले ही वस्तुस्थिती आहे.

करारांचा इतिहास संग्रहात इतरत्र येतोच, त्यामुळे इथे टप्पे पुरेत. १९६३ ची अंशतः चाचणीबंदी, १९७० पासून अमलात आलेला अण्वस्त्रप्रसारबंदी करार, १९८७ चा मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार, १९९६ चा सर्वंकष चाचणीबंदी करार आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेले सल्लागारी मत. जुलै २०१७ मध्ये १२२ देशांनी अण्वस्त्रांवर संपूर्ण बंदी घालणारा करार स्वीकारला आणि तो २२ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. भारतासह एकही अण्वस्त्रधारी देश त्यात नाही. राजीव गांधींनी जून १९८८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात मांडलेल्या टप्प्याटप्प्याच्या निःशस्त्रीकरण योजनेनंतर दहाच वर्षांनी पोखरणची दुसरी चाचणी झाली. या प्रवासाचा हिशेब मांडणारे लेखन मराठीत विरळ आहे.

आज हा विषय पुन्हा हाती घेण्याची कारणे सरळ आहेत. १९८६ च्या सुमारास जगात सुमारे ७०,००० अण्वस्त्रे होती. ती संख्या खूप घटली, पण घट मंदावली आहे आणि जवळपास सर्वच अण्वस्त्रधारी देश आपापले साठे अद्ययावत करीत आहेत. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार २०१९ मध्ये मोडला. अमेरिका आणि रशिया यांच्यातल्या शेवटच्या मोठ्या कराराची मुदत फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती. युक्रेनच्या युद्धात अण्वस्त्रांची धमकी उघड भाषेत दिली गेली. मे २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यात चार दिवस संघर्ष झाला. या दोन देशांतल्या क्षेपणास्त्राचा प्रवास काही मिनिटांचा आहे. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या 'निहोन हिदानक्यो' या १९५६ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेला २०२४ चे शांततेचे नोबेल मिळाले, तेव्हा त्या पिढीचे सरासरी वय पंचाऐंशीच्या पुढे गेले होते. प्रत्यक्ष पाहिलेले सांगणारी माणसे लवकरच नसतील. त्याच वेळी मनःशांती हा मोठा व्यवसाय झाला आहे. मोबाइलवरची ध्यानाची अॅप झोप आणि कार्यक्षमता सुधारण्याचे आश्वासन देतात. जग त्यांच्या विषयसूचीत नसते.

प्रस्तुत संग्रहाचे काम अण्वस्त्रांचा धोका आणि मनःशांतीचा हा व्यवसाय या दोन घटनांना एकमेकींसमोर आणण्याचे आहे. मनःशांतीतून विश्वशांती क्रमाने निष्पन्न होते असे त्याचे प्रतिपादन नाही, आणि निःशस्त्रीकरण हा निव्वळ मुत्सद्द्यांचा व्यवहार आहे असेही नाही. आतले आणि बाहेरचे यांची गाठ काही ठरावीक ठिकाणी पडते: धाकाच्या सिद्धांतात गृहीत धरलेल्या भयात, नागरिकांच्या बधिरतेत, निर्णयाच्या मोजक्या मिनिटांत, आणि वर्षानुवर्षे चालणाऱ्या चळवळीच्या चिकाटीत. इंग्लंडमधल्या ग्रीनहॅम कॉमन तळाबाहेर बायकांनी १९८१ मध्ये लावलेली छावणी क्षेपणास्त्रे १९९१ मध्ये गेल्यावरही २००० पर्यंत टिकली. अशी चिकाटी कुठून येते हा मनाविषयीचा प्रश्न आहे आणि संघटनेविषयीचाही. संग्रहातले लेखक या चार ठिकाणांपैकी कोणत्या ठिकाणाला अधिक महत्त्व द्यायचे याबद्दल एकमत नाहीत. साधक आणि चळवळीतले कार्यकर्ते यांच्यातला मतभेद संपादनात मिटवलेला नाही. झेन आणि युद्ध यांवरचा भाग आणि विपश्यनेवरचा भाग लागोपाठ ठेवण्यामागे हाच हेतू आहे.

काही गोष्टी जाणूनबुजून बाहेर ठेवल्या आहेत. अणुऊर्जा हा त्यांतला मोठा विषय. तारापूरपासून जैतापूरपर्यंत महाराष्ट्राचा त्याच्याशी थेट संबंध आहे, पण वीज आणि शस्त्र यांची सरमिसळ केल्याने दोन्ही वाद गढूळ होतात. इस्लामी आणि ज्यू परंपरांतील शांतिविचार जितका यायला हवा होता तितका आलेला नाही. त्यासाठी स्वतंत्र पुस्तक लागेल. अण्वस्त्रांच्या तांत्रिक रचनेची माहिती वादाला आवश्यक तेवढीच दिली आहे. तांत्रिक परिभाषेला बिचकणाऱ्या वाचकाने धाकाच्या सिद्धांतावरचा भाग आधी वाचावा, कारण पुढचे लेख त्यातल्या संज्ञा गृहीत धरतात. साधनेच्या बाजूने या विषयाकडे आलेल्या वाचकाने ब्राझील, अर्जेंटिना आणि दक्षिण आफ्रिका यांच्यावरील प्रकरणांपासून सुरुवात केली तर बरे.